खुलासा : भिंतीला तडा म्हणजे रुग्णालय रिकामं, असं नाही

मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक सल्ला फिरतोय: भूकंपानंतर रुग्णालयाच्या भिंतीला तडा दिसला, तर आपला पेशंट ताबडतोब बाहेर काढा. तो सरसकट पाळू नका. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीचा भार खांब आणि तुळया उचलतात. मधल्या विटांच्या भिंतीवरचा किंवा गिलाव्यातला बारीक तडा बहुधा वरवरचा असतो. खांबाला तिरका तडा, काँक्रीट निखळून उघडी पडलेली सळई, कललेला मजला दिसला तर मात्र थांबायचं नाही. आणि शहरातल्या रुग्णालयांच्या जुन्या दगडी वॉर्डांत भिंतीच भार पेलतात, तिथे तडा स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच तपासू द्या. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण जिन्यावरून उतरवणं हाही जिवाशी खेळच!

उलट, इमारत शाबूत राहूनही रुग्णालय बंद पडू शकतं, आणि याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसजवळच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाचा सांगाडा टिकला, पण पाण्याच्या नळ्या फुटल्यानं रुग्ण हलवावे लागले. म्हणून ऑक्सिजनची लाइन, गच्चीवरची टाकी, जनरेटरही तपासतात. लिफ्ट तपासणीआधी सुरू करत नाहीत.