सवाईला हजेरी लावण्याचं शास्त्र

डिसेंबर लागला की पुणेकराला दोन गोष्टी आठवतात: माळ्यावरची शाल आणि सवाईचं, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचं, तिकीट. शाल सापडते. तिकिटाचं मात्र ‘आपला एक माणूस आहे तिथे’ या भरवशावर शेवटपर्यंत राहून जातं. तेव्हा ते वेळेत काढा, आणि काढायचंच तर सगळ्या दिवसांचं, म्हणजे सीझनचं काढा. रोज जायचं असतं म्हणून नव्हे. सीझन तिकीट खिशात असलं की ऑफिसात ‘यंदा पाचही दिवस’ असं खरंखुरं म्हणता येतं, आणि शेवटचा दिवस सोडून ते भाचीला, व्याह्यांना, वरच्या मजल्यावरच्या काकांना फिरवून पुण्यही जोडता येतं.

जाण्याआधी थोडा इतिहास पाठ करा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. ते १९५२ मध्ये गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून भीमसेन जोशींच्या पुढाकाराने हा उत्सव सुरू झाला. भीमसेनजी २०११ मध्ये गेले, मग त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. एवढं सांगून झालं की एक उसासा टाका आणि म्हणा, ‘रमणबागेची मजा आता नाही.’ उत्सव रमणबागेतून हलून २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो, तेव्हा हे वाक्य अजून बरीच वर्षं चालेल. रमणबागेत तुम्ही स्वतः किती बैठका ऐकल्या, हे विचारण्याची पद्धत नाही.

आता बसण्याचं. खुर्ची आणि सोफा ही पाठीचं दुखणं असणाऱ्यांची सोय आहे. खरा रसिक भारतीय बैठकीत बसतो, कारण तिथे जागा धरता येते. डबल बेडची चादर न्या, ९० बाय १०० इंचांची. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण अडीच फूट लांब-रुंद जागा पुरते, म्हणजे त्या चादरीवर नऊ माणसं मावतात. तुम्ही दोघं असाल. चारी कोपऱ्यांवर थर्मास, पर्स, चपलांची पिशवी आणि कार्यक्रमपत्रिका ठेवून टाका. ‘इथे कोणी आहे का?’ असं विचारलं की ‘येतायत, गाडी लावतायत’ एवढंच सांगायचं. हे उत्तर दोन तास टिकतं. कुणी फारच चिवट निघाला तर त्याला कोपऱ्याजवळ टेकू द्या आणि पाऊण तासाने मांडी आखडली की पाय त्याच्या दिशेने सोडा.

कपड्यांच्या बाबतीत दुपारचं ऊन प्रमाण माना. डिसेंबरात पुण्यात दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि रात्री दहा-बारापर्यंत उतरतो. चार वाजता मंडपात घाम येतो, तेव्हा पातळ सिल्कचा झब्बा पुरे. साडेआठनंतर गारवा सतरंजीखालून, जमिनीतून वर येतो, डोक्यावरून नाही. त्यामुळे नुसती शाल पांघरून काही होत नाही, बुडाखाली जाड घोंगडी लागते. पण घोंगडी फोटोत दिसत नाही आणि शाल दिसते, म्हणून शालच न्या.

यायचं केव्हा? सहाच्या आत मुळीच नाही. पहिला कलाकार बहुधा तरुण असतो, त्याचं नाव तुमच्या ओळखीत कुणी ऐकलेलं नसतं. दुपार कलती असते म्हणून तो मुलतानी, मधुवंती, पटदीप असं काहीतरी मांडतो. संध्याकाळच्या मैफली शहरात वर्षभर होत असतात, दुपारच्या अशा फारशा होत नाहीत, त्यामुळे हे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायची संधी क्वचितच येते. ती हुकली तरी बिघडत नाही. पंधरा वर्षांनी हाच गायक शेवटी गायला बसेल, तेव्हा ‘याला मी पहिल्यांदा सवाईत ऐकला होता’ असं म्हणायला तो आला होता एवढं माहीत असलं की झालं.

बाहेर खायला कधी उठायचं, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर सोपं आहे: विलंबित ख्याल, म्हणजे रागाची संथ मांडणी, सुरू झाला की. एकतालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, बाराच, पण अतिविलंबितात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते आणि एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. कूपनची एक रांग आणि खिचडीची दुसरी, अशी वीस-पंचवीस मिनिटं धरली तरी हुकतात ती वीस-पंचवीस आवर्तनं. गवई त्यात करतो काय? खर्जापासून एकेक स्वर वर सरकवत अख्ख्या रागाचा पाया घालतो. पाया जमिनीखालीच असतो, तो बघायला कोण थांबतं? तुम्ही द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीला परत या. मात्र येताना रांगेच्या कडेने येऊ नका. मधून या, डिश छातीशी धरून, प्रत्येकाच्या गुडघ्याला ‘सॉरी, सॉरी’ म्हणत. नेमक्या त्याच वेळी गवई तारषड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, थांबलेला असेल तर तुमचा सॉरी शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो.

दाद हा या सगळ्यातला अवघड भाग, इथे घाई कामाची नाही. किंवा आहे. त्रितालात सोळा मात्रा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्यावर खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. नवशिका रसिक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान डोलावतो, त्यात काय विशेष? तुम्ही मांडीवर थाप मारा, ती ऐकू जाईल अशी, आणि खालीच्या मात्रेवर न चुकता मारा. लय वाढली की तबलजीच्या थोडं पुढेच राहा. तुमची थाप पहिल्या चार ओळींत असेल तर तबलजी तुमच्याकडे पाहील. तो पाहतो ते कौतुकाने, असंच धरून चालायचं.

यातली सगळ्यात चांगली संधी तिहाईची. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून तिसऱ्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर टाकायचा. बेदम तिहाईत तुकडे एकमेकांना चिकटून येतात, तिथे काही करता येत नाही. दमदार तिहाईत मात्र दोन तुकड्यांच्या मध्ये किंचित थांबा असतो. सगळं गणित त्या थांब्यावर तोललेलं असतं. दुसऱ्या तुकड्यानंतरच्या थांब्यात तुम्ही जोरात टाळ्या सुरू करा. आजूबाजूच्यांना वाटतं, हा जाणकार दिसतोय, झालं वाटतं. अर्धा मंडप टाळ्या देतो आणि तबलजीची सम त्या टाळ्यांखाली सापडेनाशी होते. वर्षभराचा रियाज त्याने ज्या एका ठोक्यासाठी केला, तो ठोका कुणीच ऐकत नाही, आणि श्रेय सगळं तुमचं.

राग ओळखणंही मोठ्याने करायचं असतं. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात वजन रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर, आणि सोहनी वरच्या षड्जाभोवतीच घुटमळते. हे कानाने ओळखायला काही वर्षं जातात. तुम्ही घड्याळाने ओळखा. सूर्य मावळताना मारवा म्हणा, दिवे लागल्यावर पूरिया. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची, आणि मंडप दहाला उठतो, तेव्हा तिचा प्रश्न सहसा येतच नाही. पंचम लागलेला ऐकू आला तर मात्र गप्प बसा. (गवई बसल्या बसल्या रागाचं नाव सांगतो, त्या वेळी तुम्ही खिचडीच्या रांगेत होतात.)

मोबाइलवर चित्रण करू नका, अशी विनंती होते. ती शेजाऱ्याला असते. हात डोक्याच्या वर धरा, म्हणजे मागच्या तिघांना कलाकार तुमच्या पडद्यावर छोटा पण स्वच्छ दिसतो. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, त्यामुळे तान चेपून येते आणि शेजारच्या काकूंची वेफर्सची पिशवी खणखणीत येते. तीस सेकंदांच्या स्टेटसला एवढं पुष्कळ झालं, खाली ‘निःशब्द’ लिहायचं.

दहाच्या वेळेवरही मत हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, आणि सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्री पिकणारे राग सवाईत कोवळ्या वेळेलाच उरकावे लागतात किंवा राहून जातात. ‘पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं हो’ असं हळहळत म्हणा. हे वाक्य साडेनऊला पार्किंगकडे जाताना म्हटलं तर अधिक खुलतं.

शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवी लावून उत्सव संपवायची प्रथा आहे. ती बसून ऐकलीत तर गेटपाशी गर्दी लागते. गाडी काढता काढता ती स्पीकरवर ऐकू येतेच, आणि ‘आम्ही अगदी भैरवीपर्यंत होतो’ असं सांगायला तेवढी पुरते. हेल्मेट आधीच डोक्यात घालू नका, ऐकू येणार नाही.