दुसरा प्रश्न

आमच्या फॅमिली ग्रुपवर निवडणुकीच्या काळात एक क्लिप फिरत होती. मुंबईतला एक तरुण उमेदवार, पक्ष सांगत नाही, उगाच खाली मारामारी नको. अँकर विचारते, नेपाळचे पंतप्रधान कोण? हा आधी हसतो, मग पाणी पितो, मग म्हणतो, "नेपाळ आपला मित्रदेश आहे." खाली हसून लोळणाऱ्या इमोजींचा खच. "हे दिल्लीत जाऊन परराष्ट्र धोरण ठरवणार!" मी लिहिलं, आपल्यापैकी किती जणांना गूगल न करता सांगता येईल? पाच मिनिटं सामसूम. नेपाळात तर पंतप्रधान इतके पटापट बदलतात की गूगललाही धाप लागत असेल.

असल्या प्रश्नमंजुषेवरून माणूस जोखता येतो, यावर माझा विश्वास नाही. 1999 च्या नोव्हेंबरात जॉर्ज बुश (धाकटे) अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते. बॉस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने त्यांना चेचन्या, तैवान, भारत आणि पाकिस्तानच्या नेत्यांची नावं विचारली. तैवानचं अर्धंमुर्धं आलं, "ली". पाकिस्तानसाठी "जनरल". भारताचं आलंच नाही. वाजपेयी महिन्यापूर्वीच पुन्हा निवडून आले होते. पुढे याच बुशनी 2008 मध्ये भारताबरोबरचा अणुकरार तडीस नेला. आणि याच बुशनी 2003 मध्ये इराकमध्ये सैन्य घुसवलं. त्या चार नावांवरून यातलं काय कळणार होतं?

सारा पेलिन आठवतात? 2008 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेननी अलास्काच्या या गव्हर्नरबाईंना उपाध्यक्षपदासाठी पुढे केलं. एबीसी वाहिनीच्या चार्ली गिब्सनने विचारलं, बुश डॉक्ट्रिन (म्हणजे बुश यांच्या परराष्ट्र धोरणाचं सूत्र) मान्य आहे का? त्या म्हणाल्या, "कोणत्या बाबतीत, चार्ली?" जगभर हसं झालं. गंमत म्हणजे ज्या स्तंभलेखकाने हा शब्द रूढ केला त्या चार्ल्स क्राउटहॅमरनेच लिहिलं, की याचे चार वेगवेगळे अर्थ होऊन गेलेत आणि गिब्सनने सांगितलेला तर बरोबर नाहीच. म्हणजे "कोणत्या बाबतीत" हा प्रतिप्रश्न रास्त होता! आणि "माझ्या घरातून रशिया दिसतो" हे वाक्य तर त्यांचं नव्हतंच, ते विनोदी अभिनेत्री टीना फेने नक्कल करताना म्हटलेलं. पेलिन म्हणाल्या होत्या, अलास्काच्या एका बेटावरून रशिया दिसतो. ते खरं आहे. लिटल डायोमीड आणि रशियाचं बिग डायोमीड यांत जेमतेम 4 किलोमीटर पाणी आहे.

मग त्या नापास कुठे झाल्या? माझ्या मते काही दिवसांनी टीव्ही पत्रकार केटी कुरिकसमोर. कुरिकने विचारलं, तुम्ही कोणती वर्तमानपत्रं, मासिकं वाचता? उत्तर गोलमोल आलं. कुरिकने आवाज न चढवता पुन्हा विचारलं, नेमकी कोणती? "सगळी." तिथे संपलं. पहिल्या प्रश्नाला पाठांतर चालून जातं, दुसऱ्याला माणूस उघडा पडतो. अमेरिकेच्या जेराल्ड फोर्डचंही तेच. 1976 च्या निवडणुकीतल्या वादचर्चेत खुद्द राष्ट्राध्यक्ष म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पत्रकाराने चकित होऊन पुन्हा विचारलं, म्हणजे सावरायची संधी आयती दिली. गडी अडून बसला.

आपल्याकडे दुसरा प्रश्न विचारायची पद्धतच नाही. "नेपाळ मित्रदेश" झालं की ब्रेक. साबणाची जाहिरात.

हे सगळं मी तावातावाने सासऱ्यांना ऐकवत होते. अण्णा 84 वर्षांचे, जन्म पार्ल्यातला. ते म्हणाले, "मग मेनन तुझ्या परीक्षेत पहिला आला असता."

1962 मध्ये पार्लं उत्तर मुंबई मतदारसंघात होतं. काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी, म्हणजे संरक्षणमंत्र्याविरुद्धची निवडणूक, आणि गल्लीबोळात विषय चीन! अण्णांना मत नव्हतं (तेव्हा 21 पूर्ण लागायचं), पण सभा एकही सोडली नाही म्हणतात. मेनन म्हणजे 1957 मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवसांत मिळून जवळपास 8 तास बोललेला माणूस. दुसरा काय, दोनशेवा प्रश्न विचारा. लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. नऊ महिन्यांत चीनचं आक्रमण झालं आणि मंत्रिपद गेलं. त्यांच्या जागी दिल्लीला कोण गेलं? यशवंतराव चव्हाण. राज्य चालवलेला माणूस, संरक्षण खात्याचा अनुभव शून्य. 1965 चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं आणि पुढे ते परराष्ट्रमंत्रीही झाले.

"मेननला उत्तरं सगळी येत होती गं," अण्णा म्हणाले. "ऐकून घेणं येत नव्हतं. ते टीव्हीवर कसं दिसणार तुला?"

मला उत्तर सुचलं नाही. तरी मी हट्टाने म्हणते, थोडं दिसतं. "माहीत नाही" म्हणताना चेहरा कसा होतो, ते बघा.

आणि प्रश्न तरी आपले विचारा. मी अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिन्यांच्या निर्यातीची कागदपत्रं करते. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने 50 टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा परराष्ट्र धोरण आमच्या कारागिरांच्या डब्यापर्यंत आलं होतं. त्या पोराला मी नेपाळ विचारणार नाही. मी विचारेन, पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, सागरी हद्दीत पकडले जातात, कराचीच्या तुरुंगात सडतात. काय करणार? तो म्हणेल, केंद्राकडे पाठपुरावा करू. मग दुसरा प्रश्न. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला भारत-पाकिस्तान एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. पाकिस्तानच्या शेवटच्या यादीत आपल्याकडचे किती?

"माहीत नाही ताई, बघून सांगतो" म्हणाला, आणि खरंच फोन आला, तर माझं मत त्याला. अण्णांचं नाही, ते म्हणतात आधी यादी दाखव.