भुंगा लाकूड खात नाही

मोठ्या काळ्या भुंग्याच्या फोटोसह एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. हा किडा लाकूड खाऊन तुळया पोकळ करतो, त्याचा डंख जीवघेणा असतो, मध देत नाही म्हणजे तो निरुपयोगी, आणि मधमाश्या रात्री उडत नसल्याने रात्री फिरणारा हा भुंगा त्यांच्या कुळातला असूच शकत नाही, असं त्यात म्हटलंय. वर सल्ला: दिसला की मारा.

लाकूड कोरलं जातं, हे खरं. सुतारभुंग्याची मादी जबड्यांनी बोटाएवढं गोल भोक पाडते. पण भुसा तिच्या पोटात जात नाही. खाणं म्हणजे मकरंद आणि पराग. आतल्या बोगद्यात ती परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाचीच भिंत घालून पुढच्या खोलीला लागते. तीच जागा वर्षानुवर्षं वापरली गेली तर लाकूड कमकुवत होतं, हेही मान्य. पण रंगवलेलं लाकूड हे भुंगे सहसा टाळतात. मग मारायचं कशाला?

डंखाचं लवकर आटपतं. तोंडासमोर घोंगावत अंगावर येणारा बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण तिला हातात धरलं किंवा दाबलं तरच ती सहसा डंख मारते. डंखाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावं, जसं कुठल्याही मधमाशीपासून जपतात तसंच.

रात्रीचा मुद्दा मात्र मेसेजवाल्यांनी फारच चुकीच्या ठिकाणी काढला. सुतारभुंगे मधमाश्यांच्याच कुळातले, आणि त्यांतली ‘झायलोकोपा ट्रँकेबॅरिका’ ही जात चक्क निशाचर आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला. चंद्र नसलेल्या रात्रीही ती उडते. २००८ साली त्यांनी दाखवलं की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंगही ओळखता येतात. त्या उजेडात आपल्याला सगळं करडंच दिसतं. तिचे डोळे मूळ रचनेने दिवसा उडणाऱ्या मधमाशीसारखेच, फक्त जास्त उजेड टिपणारे. तिथल्याच वारस वृक्षाची पांढरी फुलं रात्री उमलतात, आणि ‘झायलोकोपा टेन्युइस्कापा’ ही दुसरी जात रात्री येऊन त्यांचं परागीभवन करते.

तेव्हा ‘निरुपयोगी’चं उत्तर झालंच. मध आपल्या बरणीत पडला नाही, एवढाच तो आक्षेप. पॅशन फ्रूटच्या मोठ्या फुलात लहान मधमाशीची पाठ परागकोशांपर्यंत पोहोचत नाही, सुतारभुंग्याची पोहोचते.

एक खरी तक्रार मेसेजमधून सुटली, ती मीच सांगतो. लांब नळीच्या फुलांना हा गडी बुडाशी चीर पाडतो आणि परागाला न शिवता मकरंद पिऊन जातो.