कर्व्यांना कुठे परवडत होतं?

तत्त्वं पाळायची तर आधी पोट भरलेलं हवं, असा सूर असलेला एक लेख वाचला. मग र. धों. कर्व्यांचं काय करायचं? संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वकीलपत्र खुद्द डॉ. आंबेडकरांनी घेतलं, तरी हरले, दंड झाला. अंक मात्र निघत राहिला. (पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर? हा भाग आपण नेहमी गाळतो.)

अर्थात कर्वे व्हायची आपली छाती नाही, हेही खरं. आमचे बाबा सरकारी नोकरीत. दिवाळीत ठेकेदार काजूकतलीचा डबा ठेवून गेला की रात्रीच स्कूटर काढून परत देऊन यायचे. आम्ही भावंडं दारात उभं राहून तो डबा जाताना बघायचो. आई म्हणायची, "अहो, एक तरी तुकडा पोरांना द्यायचात!" हेच बाबा घरच्या गॅसचा नंबर मात्र ओळखीने वर सरकवून आले होते. विचारलं तर ओशाळून हसायचे. म्हणून डबा ठेवून घ्यायला लागले का? नाही. निवृत्तीच्या वर्षीही स्कूटर निघालीच, फक्त तेव्हा किक मारायला मला बोलावलं.