बोटीच्या नाकाकडचा रुंद पलंग नांगर टाकल्यावरच कामाचा

शिडाची प्रवासी बोट निवडताना पुढच्या केबिनमधला रुंद दुहेरी पलंग हीच आरामाची खरी कसोटी आहे, हे लेखातले विधान मला पटले नाही. बोट लाटांवर चालू लागली की सर्वांत जास्त वरखाली होतो तो नाकाकडचाच भाग, आणि शिडांच्या ओढीने ती एका अंगावर कलली की रुंद गादीवर अंगाला टेकायला काहीच उरत नाही. मी भुसावळचा, तापीकाठचा माणूस; जावयाच्या मित्राच्या 11 मीटरच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला गेलो, तेव्हा पहिल्या रात्री मानाचा म्हणून मला तोच पलंग मिळाला आणि पहाटेपर्यंत मी गादीची कड धरून जागा होतो. दुसऱ्या रात्री बोटीच्या मधोमध असलेल्या, जेमतेम 60 सेंटिमीटर रुंदीच्या बाकावर झोपलो. त्याच्या कडेला ताणून बांधलेल्या कापडाने बाळाच्या झोळीसारखे अंग धरून ठेवले आणि मला चक्क घोरताना ऐकल्याचे जावयाने सांगितले.

हवेचा मुद्दा मात्र लेखात राहूनच गेला आहे. नांगर टाकलेली बोट बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे पुढच्या केबिनच्या छतावरच्या झडपेतून थेट झुळूक येते, तर इंजिनाला लागून असलेल्या मागच्या केबिनमध्ये उकाडा साचतो. मे महिन्यात गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्या आम्हा खानदेशकरांना त्या झुळकेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.