नोकरी गेली? बेकरी उघडा!

अमेरिकेतल्या छोट्या गावात घडणाऱ्या गोड प्रेमकादंबऱ्या वाचून तुमचाही जीव तिकडे जाऊन राहायला कासावीस होत असेल, तर थोडी पूर्वतयारी हवी. तुम्ही न्यूयॉर्क नाहीतर शिकागोत मोठ्या हुद्द्यावर असायला हवं. नोकरी आणि ठरलेलं लग्न, दोन्ही एकाच दिवशी मोडली पाहिजेत. शक्यतो जेवणाच्या सुट्टीआधी, म्हणजे पहिलं प्रकरण लांबत नाही. त्याच आठवड्यात एखादी मावशीआजी वारली पाहिजे. लहानपणानंतर तिला भेटला नसलात तर उत्तमच, रडण्यात पानं जात नाहीत. तिने तुमच्या नावावर घर आणि खालची बंद पडलेली बेकरी ठेवलेली असते. अट एकच, वर्षभर तिथे राहायचं. मालमत्तेत दुसऱ्या कुणाचं नाव नसतं, चुलतभाऊ कोर्टात जात नाहीत. (हे सगळं काल्पनिक आहे हे सातबारा पाहिलेल्या वाचकाला इथेच कळतं. तरी आपण पान उलटतोच.)

गावाच्या वेशीवर गाडी बंद पाडा. चेक्सचा फ्लॅनेल शर्ट, दोन दिवसांची दाढी आणि तुसडं बोलणं असलेला एक पुरुष मदतीला येईल. तो सुतार असतो, नाहीतर गुरांचा डॉक्टर. सोबत कुत्रा येतोच. त्याच्याशी पहिल्याच भेटीत भांडा. नाही भांडलात तर पुढची तीनशे पानं करणार काय?

मग तो तुमचं गळकं छप्पर दुरुस्त करायला येतो. इथे घाई करू नका. लोकांना वाटतं, या पुस्तकांची मोहिनी चुंबनात आहे. छे! चुंबन येतं दोनशेव्या पानावर, तेही अंगणाच्या पायरीवर. त्यापुढे काही घडायचं असेलच, तर खोलीचं दार लागतं आणि पुढचं प्रकरण थेट पॅनकेकच्या वासाने सुरू होतं. खरी मोहिनी वेगळीच. सुतार 'मंगळवारी सकाळी आठला येतो' म्हणतो आणि मंगळवारी सकाळी आठला येतो! माप घेतो, फळी कापतो, खिळे ओठांत धरून शिडी चढतो, जाताना भुसा झाडून घेतो आणि अॅडव्हान्सचं नावही काढत नाही. जिच्या स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं दार गणपतीपासून 'उद्या येतो ताई' या एका वाक्यावर लोंबकळतंय, तिचा श्वास याच पानावर अडकतो. लायब्ररीतून आणलेलं मिल्स अँड बून वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे, त्या काळात नायक ग्रीक जहाजमालक असायचा. आता अपेक्षा माणसात आल्या आहेत. गडगंज नसला तरी चालेल, सांगितल्या वेळेला यावा.

बेकरीचा हिशेब मात्र मांडू नका. खरा बेकरीवाला लोक झोपेत असताना मैदा मळत असतो. आपण सातला उठून तळ्याकडे बघत कॉफी प्यायची, तरीही नऊला दालचिनीचे रोल संपलेले असतात. गावाची वस्ती आठशे. त्यात बेकरी, पुस्तकांचं दुकान, लोकरीचं दुकान, मेणबत्त्यांचं दुकान, आणि सगळीच्या सगळी नफ्यात. देशभर स्वस्त मालाची वीस हजारांवर दुकानं असलेल्या डॉलर जनरलला नेमकं हेच गाव सापडलेलं नसतं. गावात एक खडूस, म्हातारे डॉक्टरही असतात. रात्री दोनला दार वाजवा, उघडतात. २०१० ते २०२१ या काळात अमेरिकेच्या ग्रामीण भागातली १३६ रुग्णालयं बंद पडली, हे नायिकेच्या कानावर घालू नका. साठाव्या पानावर तिचा घोटा मुरगळायचा आहे.

रात्री कुणाची गाडी कुणाच्या दारात उभी होती, हे सकाळी विणकाम मंडळातल्या आज्यांना ठाऊक असतं. आपल्या सोसायटीतल्या काकूंनी एवढी खबर ठेवली तर आपण फ्लॅट विकायला काढू. तिथे आजीच्या हातात अॅपल पाय असतो, त्यामुळे डोळे पाणावून घ्यायचे.

अगदीच राहवत नसेल तर वॉशिंग्टन राज्यातलं पोर्ट ऑर्चर्ड गाठा. अशाच प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या डेबी मॅकोम्बर यांनी आपल्या पुस्तकांतलं सीडर कोव्ह हे गाव यावरून बेतलं, आणि ऑगस्ट २००९ मध्ये तिथे त्या नावाची चक्क जत्रा भरली. पुस्तकातलं गाव बघायला माणसं खरोखरची तिकिटं काढून आली. तेव्हा तुमच्या डोक्यात काही बिघाड आहे असं समजू नका. असला तरी सोबत भरपूर आहे.

पाऊण पुस्तक झालं की गैरसमज करून घ्यायचा. तो एका फोनने मिटण्यासारखा असतो, म्हणून फोन करायचा नाही. शेवटाची चिंता नको. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्येतच लिहून ठेवलंय की शेवट समाधानाचा आणि आशादायक हवा. एवढी लेखी हमी आपल्याला बिल्डरही देत नाही.

आणि पहिल्याच भागात नायकाला भाऊ किती आहेत ते मोजून ठेवा. जितके भाऊ, तितके पुढचे भाग. सगळे देखणे, सगळे बिनलग्नाचे, सगळ्यांना छप्पर शाकारता येतं. धाकट्याचंही लग्न लागलं तरी धीर सोडू नका. गावचा शेरीफ विधुर आहे.