आमच्या घरी कोणी विचारायला आलं नाही

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे टाकले होते: १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय. पुण्याच्या माझ्या चुलतभावाने लगेच लिहिलं, "आमच्या घरी तर कोणी विचारायला आलं नाही. एसीत बसून केलेले आकडे आहेत. देशाची बदनामी, दुसरं काय!" खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात आत्याचाही अंगठा होता. या आत्याला मी लहानपणापासून लोहाच्या गोळ्या घेताना पाहिलंय.

दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. चार ओळींत मावणारं नव्हतंच ते.

दादा, तुझ्या घरी कोणी आलं नाही, कारण २०१९ ते २१ च्या त्या पाहणीत देशभरातली ६,३६,६९९ घरं होती. म्हणजे साधारण पाचशे घरांत एक. पण ज्या बायकांची निवड झाली त्यांच्यातल्या ९७ टक्के बायकांनी मुलाखत दिली. मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आरोग्याच्या पाहणीसाठी दारोदार फिरते, म्हणून हा ९७ आकडा वाचला की मला भरून येतं. इथे आधी पत्र जातं, सोबत दहा पौंडांचं व्हाउचर असतं, तरी चौथ्या फेरीला दारावरच्या कॅमेऱ्यातून "नॉट टुडे, लव्ह" एवढंच ऐकू येतं. इथल्या रोजगाराच्या पाहणीला २०२३ मध्ये जेमतेम १७ टक्के लोकांनी उत्तरं दिली. सांख्यिकी कार्यालयाने त्या ऑक्टोबरात त्यावरचे बेकारीचे आकडे छापणं थांबवलं आणि कारणही उघड सांगितलं. दारूचं तर विचारूच नका. पाहणीत लोक जेवढी प्यायल्याचं सांगतात ती विकल्या गेलेल्या दारूच्या साधारण साठ टक्के भरते. पण इंग्लंडची बदनामी होते म्हणून पाहणीच नको, असं इथे मला आजवर कोणी म्हणालेलं नाही.

इकडे येण्याआधी मी माणदेशात असंच काम केलं. वीस वर्षं झाली. बाईला प्रश्न विचारायचे ते ती एकटी असताना, हा नियम. एकटी बाई सापडणार कुठे? सासू ओट्यावरून हलायची नाही, पोरं दारात उभी. मी गोठ्यात बसून विचारलंय, पाण्याला निघालेल्या बाईबरोबर चालत चालत विचारलंय. एका वाडीवर बोट टोचून घ्यायच्या आधी एक बाई हळूच म्हणाली, "ताई, कमी निघालं तर घरात सांगू नका. म्हणतील, काम नको म्हणून सोंग करती." यंत्रावर हिमोग्लोबिन ७.८ आलं, म्हणजे फारच कमी. ती उठली आणि भाकरी थापायला गेली. दादा, तुझ्या ५७ टक्क्यांत अशा बायका आहेत. त्यांनी भीत भीत बोट पुढे केलं आणि तू त्याला एसीत बनवलेला आकडा म्हणतोस.

आक्षेप घ्यायचाच तर खरा घ्या. बोट दाबून काढलेल्या थेंबात शरीरातलं पाणी मिसळतं, त्यामुळे आकडा खाली येऊ शकतो. शिरेतलं रक्त घ्यावं, हे म्हणणं रास्त आहे. पुढच्या पाहणीतून ती तपासणी काढली आणि शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या पाहणीकडे दिली, त्यावर जरूर भांडा. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे चाळीसच्या दशकात थेट भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या महालनोबिसांशी भांडलेच की. पिकाचा उतारा मोजायला शेतात केवढा तुकडा कापायचा, यावर. सुखात्मे म्हणत, तुकडा फार लहान असला की कडेचं रोप आत धरायचं की बाहेर हे कापणाऱ्याच्या मनावर जातं, आणि तो ते आतच धरतो. उतारा फुगतो. माणसाचा हात कुठे चुकतो ते त्यांनी दाखवलं. असं भांडा.

हात माझाही चुकलाय. आमच्या एजन्सीचा दिवसाला ठरलेला आकडा असे आणि शेवटची एसटी सुटत असे. एका संध्याकाळी एका बाईचे आहाराचे प्रश्न मी न विचारताच भरले. पालेभाजी रोज, फळं आठवड्यातून एकदा. आज मला तिचा चेहराही आठवत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अशा पाहण्यांना कोणी नावं ठेवली की मी एवढी का तापते, त्याला ही एक संध्याकाळही कारण असेल.

१९८९ मध्ये डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लॅन्सेट लंडनचं. म्हणजे गोऱ्यांपुढे धुणं धुतलं म्हणायचं का? त्या बायकांचं दुखणं त्याआधीही होतंच, कुणी विचारत नव्हतं एवढंच.

माझ्याही घरी महिन्यापूर्वी एक प्रश्नावली आली. बाराव्या पानावर प्रश्न होता: आपण या परिसराचे आहोत असं तुम्हाला किती वाटतं? खूप, बऱ्यापैकी, फारसं नाही, अजिबात नाही. चौदा वर्षं या रस्त्यावर राहते. बिन्स कधी बाहेर काढायच्या ते शेजारी मला विचारतात. तरी पेन तिथेच थांबलं. फॉर्म फ्रिजवर लावून ठेवला, आता स्मरणपत्रही आलंय. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मी म्हणते, "जे वाटतं तेच सांगा, चूक-बरोबर असं काही नसतं."

आणि दादा, तुझ्या "आमच्या घरी" या दोन शब्दांनीच मला सगळ्यात जास्त टोचलं. आमच्या कामात घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. यादी करताना विचारतात, नेहमी इथे कोण राहतं, आणि काल रात्री इथे आणखी कोण झोपलं होतं. डिसेंबरात मी येतेय. तेव्हा कुणी पाहणीवाली दारात आलीच, तर ती माझं नाव त्या दुसऱ्या प्रश्नाखाली लिहील. पाहुणी म्हणून. तिला पाणी दे, आणि वहिनीला तिच्याशी एकटीला बोलू दे.